कॉल बुक

झोप आणि जागेपण हा विषय मी दरवर्षी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला शिकवते. मेंदूतली केंद्रं, झोपेचे टप्पे, अ‍ॅडिनोसिन, मेलाटोनिन हे सगळं पुस्तकातून येतं. पण तास संपला की चार-दोन मुलं टेबलाभोवती जमतात आणि विचारतात, ‘मॅडम, रात्री अभ्यासाला बसलं की डोळे मिटायला लागतात, त्याचं काय करायचं?’ तेव्हा मी जे सांगते ते मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. ते भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका इंजिन ड्रायव्हरनं शिकवलं. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. नाना दहावीपर्यंत शिकलेले. माझ्या विद्येतला जो भाग रोजच्या वापरात टिकला, त्यावर पहिला हक्क त्यांचा आहे, आणि हे कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

१९९३ साली मी बारावीत गेले. तेव्हा सीईटी नव्हती. मेडिकलचा प्रवेश बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर ठरायचा. माझ्या बरोबरीच्या बहुतेकांच्या घरी रात्री चहाचा थर्मास भरून ठेवलेला असे. मला चहा सोसत नव्हता. अर्धा कप घेतला तरी छातीत धडधडायचं, पोटात आग पडायची. डॉक्टरांनी चहा-कॉफी दोन्ही बंद करायला सांगितलं होतं. घरी आलेले एक पाहुणे आईला म्हणाले, ‘चहा नाही तर पोरगी जागणार कशी?’ आईनं ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी उभी राहून ती नानांशी बोलत होती. बाबा गुड्स ऑफिसात क्लार्क. त्यांची नोकरी दिवसाची. रात्र जागण्याबद्दल विचारायचं तर नानांनाच, एवढं आईला पक्कं ठाऊक होतं.

नाना तेव्हा मालगाडीवर होते. भुसावळहून इगतपुरीपर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. मेल-एक्सप्रेसना ते काही तासांचं, मालगाडीला मात्र कितीही वेळ लागे, कारण मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाट देत लूपला उभं राहावं लागे. ड्युटी ठरलेली नसे. आज रात्री अकराला, परवा पहाटे तीनला, मग एकदम भरदुपारी. गाडीच्या वेळेच्या दोनेक तास आधी कॉलवाला सायकलवरून यायचा, फाटकाशी उभा राहून नावानं हाक मारायचा, आणि काखेतलं लांबट कॉल बुक पुढे करायचा. त्यात गाडीचा नंबर, वेळ, आणि समोर ड्रायव्हरची सही. सही झाली की कॉलवाला पुढच्या क्वार्टरकडे. त्या सहीनंतर ‘मला झोप लागली होती’ हे कुणी म्हणू शकत नसे.

नाना दिवसा झोपलेले असले की गल्लीला ते कळायचं. काकू खिडकीवर काळी घोंगडी टाकायच्या, दाराची कडी फडक्यानं गुंडाळून ठेवायच्या. मुलं क्रिकेट खेळायला मैदानाच्या पार टोकाला जायची. भाजीवाला आमच्या घरापासून आवाज खाली करायचा आणि नानांचं घर ओलांडल्यावर पुन्हा ओरडायचा. ‘नाना निजलेत’ एवढे दोन शब्द पुरत. एका माणसाला रात्री जागता यावं म्हणून इतकी माणसं दिवसा हळू बोलत होती. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याचा माझ्या अभ्यासाशी संबंध आहे हे मला नानांनीच दाखवलं.

ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं, डोळ्यांना पाणी लावायचं, पाय गार पाण्यात ठेवायचे असलं काही सांगतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘झोपून कधी राहिली तू?’ मी सांगितलं, एक-दीडला. उठते सहाला. ‘मग बेटा, तुला जागायचं कसं ते नको विचारू. तू आधी झोपत नाहीस. कॉल आल्यावर झोपून काय उपयोग? कॉलच्या आधी झोपावं लागतं.’

चहाशी नानांचं वैर नव्हतं. ड्युटी उतरून आल्यावर काकूंच्या हातचा गोड चहा ते चवीनं प्यायचे. पण झोप मारायला चहा घेणाऱ्या माणसाबरोबर गाडीवर जायला त्यांना आवडायचं नाही. ‘ती उधारी आहे,’ ते म्हणायचे. ‘घेताना बरं वाटतं. मग न्यायडोंगरीच्या पुढे कुठेतरी ती एकदम वसूल होते, अन् तेव्हा हातात तीन हजार टनाची गाडी असते.’

पुढे मेडिकलला गेल्यावर मी अ‍ॅडिनोसिनचा धडा वाचला तेव्हा हे वाक्य जसंच्या तसं आठवलं. आपण जितका वेळ जागे राहतो तितकं मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जातं, आणि ते आपल्या रिसेप्टरवर बसलं की झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, त्यामुळे साठलेलं अ‍ॅडिनोसिन जाणवत नाही. पण ते कमी झालेलं नसतं, साठणं चालूच असतं. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्या माणसांची झोप तासाभराहून जास्त घटली होती. म्हणजे आज रात्रीची जाग उद्याच्या झोपेतून कापून घेतलेली. नानांना रिसेप्टर ठाऊक नव्हता, पण त्याचा हिशेब त्यांना चोख माहीत होता.

त्यांनी माझं वेळापत्रक उलटं केलं. रात्री नऊला झोपायचं, पहाटे चारला उठायचं. मी म्हटलं, गजर बंद करून पुन्हा झोपते मी. त्यावर नाना काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी पहाटे अंधारात फाटकाची कडी वाजली आणि मोठ्यानं हाक आली, ‘ताई, कॉल!’

बाहेर कॉलवाले दादा सायकल टेकवून उभे. बॅटरी काखेत, हातात एक जुनी शंभर पानी वही. नानांनी तिच्यावर पट्टीनं रेघा मारल्या होत्या: तारीख, वेळ, विषय, सही. दादांनी बॅटरीचा उजेड वहीवर धरला, पेन दिलं. मी वेळ लिहिली, ‘ऑरगॅनिक केमिस्ट्री’ लिहिलं आणि सही केली. त्यांनी वही परत कॉल बुकाखाली सरकवली आणि सायकलवर टांग टाकली. त्यांची पहाटेची फेरी आमच्याच गल्लीतून जायची, हे खरं. पण आमच्या घरासाठी थांबणं हे त्यांच्या कामात कुठेच बसत नव्हतं. त्यासाठी त्यांनी कधी काही घेतलं नाही. दिवाळीला आईनं फराळाचा डबा दिला तो मात्र घेतला. ज्या आठवड्यात त्यांची पाळी दिवसाची असे त्या आठवड्यात दुसरे कॉलवाले यायचे, आणि वही त्यांच्याकडे आपोआप पोचलेली असायची. रनिंगमधून परतले की नाना वही चाळायचे. चारची सही साडेचारला झाली असेल तर बोट ठेवून माझ्याकडे बघायचे. त्याहून जास्त काही म्हणायची वेळ आली नाही.

उठल्याबरोबर पुस्तक उघडायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. ‘इंजिन ताब्यात घेतलं की आधी त्याच्याभोवती एक फेरी मारावी लागते. खाली वाकून बघायचं, हात लावून बघायचं. मग सीटवर.’ आमच्याकडे नळाला पाणी पहाटेच यायचं. ते भरायचं काम मी आईकडून घेतलं. दोन पिंपं, तांब्याचा हंडा, मोरीतली बादली. भरून होईपर्यंत वीसेक मिनिटं जायची आणि डोकं लख्ख व्हायचं. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ मंद चालतो. त्याला झोपेचं जडत्व म्हणतात, आणि ते ओसरायला साधारण पंधरा ते तीस मिनिटं लागतात. शिवाय पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान चोवीस तासांतलं सर्वांत कमी असतं. त्या वेळी वाचलेली पहिली दोन पानं वाया जाणारच. नानांनी ती दोन पानं पाण्याच्या हंड्यात घालवायला लावली आणि माझी केमिस्ट्री वाचवली.

उजेडाची गोष्ट मात्र आईची. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये रात्री अंधारच लागतो, समोरचा सिग्नल दिसावा म्हणून. तेव्हा त्याबाबत नानांकडे सांगण्यासारखं नव्हतं. आईच म्हणायची, उजाडलं की आत बसू नकोस, ओट्यावर ये. आमचा ओटा पूर्वेला होता. थंडीत शाल पांघरून मी तिथे फिजिक्सची गणितं करायची आणि ऊन हळूहळू वहीवर यायचं. डोळ्याच्या पडद्यात दिसण्याशी थेट संबंध नसलेल्या, थेट मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खबर देणाऱ्या पेशी असतात, हे २००२ साली डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पेशींतलं घड्याळ चालतं कसं, याच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं: हॉल, रॉसबॅश आणि यंग. सकाळच्या उजेडानं हे घड्याळ रोज जुळवून घेतलं जातं, म्हणून रात्री नऊला झोप आपणहून येते. तो शोध शिकवताना मला दरवेळी शालीवरचं ऊन आठवतं.

दुपारची डुलकी हा नानांचा आवडता विषय. कॉलेजातून आल्यावर जेवून वीस मिनिटं पडायचं. गादीवर नाही, सतरंजीवर. गजराचं घड्याळ दूर परातीत ठेवायचं. जेवणही अर्धं. नानांच्या डब्यात रात्रीच्या ड्युटीला भात कधी नसायचा. कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी, एक कांदा. ‘पोटभर जेवून गाडीवर चढायचं नाही. भरून जेवण घरी, सही उतरवल्यावर.’ इगतपुरीच्या रनिंग रूमचंही सांगायचे: पोचलं की पाय धुवायचे, थोडं खायचं आणि पडायचं. पत्ते मांडले असतील तिकडे वळायचं नाही, कारण परतीचा कॉल कधी येईल ते आपल्या हाती नाही. अमेरिकेच्या नासानं पॅसिफिकवरून जाणाऱ्या लांबच्या विमानांतल्या वैमानिकांवर अभ्यास केला होता. त्यांना पाळीपाळीनं चाळीस मिनिटांची विश्रांती दिली; सरासरी २६ मिनिटं झोप झाली, आणि तेवढ्यावर उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात त्यांचं लक्ष न झोपलेल्यांपेक्षा स्पष्ट चांगलं राहिलं. तो अहवाल १९९४ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये मी बारावीची परीक्षा दिली.

हे सगळं झोपेच्या बाजूचं झालं. पण नीट झोपूनही कंटाळ्यानं डोळे जड होतात, त्याचं काय? नाना म्हणायचे, गाडी पळत असली की झोप फारशी छळत नाही, लूपला उभी राहिली की छळते. समोर तोच लाल दिवा, तीच पटरी, आवाज नाही. तेव्हा ते उठून उभे राहायचे, असिस्टंटशी बोलायचे. आणि चालत्या गाडीत प्रत्येक सिग्नल हात करून, मोठ्यानं पुकारायचा हा तर नियमच. ड्रायव्हर म्हणणार, ‘डिस्टंट, अटेन्शन!’ की असिस्टंटनं तेच परत म्हणायचं, ‘अटेन्शन!’ दोन पिवळे दिसले म्हणजे अटेन्शन, एक पिवळा म्हणजे कॉशन, हिरवा म्हणजे प्रोसीड. डोळ्यानं पाहिलेलं तोंडानं म्हटलं, हातानं दाखवलं, म्हणजे ते नक्की पाहिलं. जपानच्या रेल्वेत तर बोट दाखवून पुकारणं ही कामाची रीतच आहे.

एका रविवारी नाना ओट्यावर बसले होते आणि मी हृदयाची आकृती घेऊन पेंगत होते. त्यांनी पुस्तक ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं. ‘बोट ठेव अन् पुकार. मी असिस्टंट.’ मी बोट ठेवलं, ‘राइट एट्रियम.’ नाना म्हणाले, ‘राइट एट्रियम.’ ‘ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह.’ ‘ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह.’ ते शब्द त्यांच्या जिभेला नवे होते, पण एकही त्यांनी गाळला नाही, एकदाही हसले नाहीत. फुप्फुसातून रक्त परत आणताना मी अडखळले तशी त्यांनी विचारलं, ‘काय झालं? सिग्नल दिसला नाही?’ मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि आकृती न बघता पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला चुकले तेव्हा नानांनीच ‘पल्मोनरी व्हेन’ सांगितलं. ऐकून ऐकून त्यांचंच पाठ झालं होतं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

तेव्हापासून मी वाचत बसणं कमी केलं. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, उभं राहायचं, भिंतीकडे बघून सगळं मोठ्यानं म्हणायचं, अडलं तिथे पुन्हा पान उघडायचं. असं करताना झोप येतच नाही. तोंड, हात आणि आठवण तिन्ही कामाला लागलेली असतात. त्यात अभ्यासही जास्त होतो, याला आता भक्कम पुरावा आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांकडून अभ्यासाच्या दोन तऱ्हा करवून पाहिल्या: एका उताऱ्याचं पुन्हा वाचन, आणि दुसऱ्याचं न बघता आठवून लिहिणं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचलेलं थोडं जास्त आठवत होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटं झालं: वाचलेलं ४२ टक्के, आठवून लिहिलेलं ५६. वाचताना वाटणारा ‘येतंय, येतंय’ हा भास मुलांना किती महाग पडतो, हे मी रोज पाहते. पेपरात जे आठवत नाही ते त्यांनी वाचलेलं असतं, पुकारलेलं नसतं.

आताच्या इंजिनांत व्हीसीडी नावाचं यंत्र असतं. ड्रायव्हरनं मिनिटभर कुठलीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, आणि तरीही काही झालं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. नानांची बहुतेक नोकरी त्याच्याशिवाय गेली. जागं राहण्याची त्यांची सगळी व्यवस्था माणसांची होती: काकूंची घोंगडी, असिस्टंटचा आवाज, कॉलवाल्याची हाक, गल्लीचं हळू बोलणं. त्यातली थोडी थोडी त्यांनी माझ्यासाठी वळवून दिली. बारावीचं वर्ष मी माझ्या जिद्दीवर काढलं असं कुणी म्हणालं की मला ते खरं वाटत नाही. मी पहाटे चारला उठत होते, कारण कुणीतरी सायकल थांबवत होतं.

नाना २००७ साली निवृत्त झाले आणि झोप त्यांच्यावर उलटली. रात्री दोनला ताडकन उठून बसायचे. काकूंना विचारायचे, हाक आली का? तीसेक वर्षं शरीराला ठरलेली रात्र मिळाली नव्हती, आता सगळ्या रात्री एकदम मोकळ्या झाल्या आणि त्यांना त्या वापरता येईनात. झोपेच्या गोळ्या सुरू होणार होत्या. सुट्टीत भुसावळला गेले तेव्हा मी त्यांच्याशी बसून बोलले. उठायची वेळ एकच ठेवायची, रात्र कशीही गेली तरी. सकाळी उन्हात चालायचं. दुपारी अर्ध्या तासाच्या वर पडायचं नाही. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बाहेर बसायचं. नाना लक्ष देऊन ऐकत होते. मग उठून आत गेले आणि वही घेऊन आले. ‘लिहून दे. नियम लेखी पाहिजे.’ पुढच्या सुट्टीत ती वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. रोजची झोपायची वेळ, उठायची वेळ, आणि समोर सही. चार-पाच महिन्यांनी घडी बसली होती. काकू मला म्हणाल्या, ‘लग्नापासून पहिल्यांदा आम्ही एका वेळेला झोपतो.’ एवढं एक काम माझ्या हातून झालं याचा मला आजही फार आनंद आहे. त्यानं माझं देणं फिटलं असं मात्र मी मानत नाही.

कॉलवाले दादा मला मधे कितीतरी वर्षं भेटलेच नाहीत. आता ड्रायव्हरला लॉबीतून मोबाइलवर कॉल येतो. पहाटेच्या हाका कॉलनीतून गेल्या. नानांच्या नातवाच्या मुंजीत ते अचानक समोर आले, पांढरी टोपी, हातात काठी. मी पाया पडले. त्यांनी ओळखलं ते आमच्या क्वार्टरच्या नंबरावरून. म्हणाले, ‘ताई, तुम्ही तेव्हा काय शिकून राहिल्या होत्या? वहीत नाव लिहायच्या, पण मला इंग्रजी वाचता येत नव्हतं.’ वर्षभर ज्या सहीसाठी त्यांनी अंधारात बॅटरी धरली ती कशासाठी होती हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. मार्क सांगितले, कॉलेज सांगितलं, आता काय शिकवते ते सांगितलं. ते बराच वेळ मान डोलावत राहिले. मग म्हणाले, नात बारावीला आहे, सायन्सला. रात्रभर कॉफी पिऊन जागते अन् दिवसा डोकं धरून बसते. ‘तुम्ही बोलाल का तिच्याशी?’

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या घरी गेले. पोरगी हुशार, टेबलावर मार्करनं रंगवलेली पुस्तकं, बाजूला कॉफीचा मोठा मग. मी तिला बोट ठेवून पुकारायला लावलं, आजोबांना असिस्टंट केलं. डुलकीचं, पाण्याच्या हंड्याचं, नऊच्या झोपेचं सगळं सांगितलं. कॉफी एकदम बंद नको, डोकं दुखेल. आठवडाभरात थोडी थोडी कमी कर, आणि दुपारी दोननंतर घेऊ नकोस, असंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला, ‘पण पेपरच्या आदल्या रात्री तरी जागावंच लागेल ना?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्या रात्री तर साडेआठलाच झोप. पहाटे चारला आजोबा हाक मारतील.’

दादा तोवर आतून वही घेऊन आले होते आणि नातीला विचारत होते, पट्टी कुठे ठेवली आहेस.